सर्व्हर रूमचा यूपीएस : लाइन-इंटरॅक्टिव्ह की ऑनलाइन?

दोन सर्व्हर, एक स्विच, फायरवॉल आणि स्टोरेज एवढाच पसारा असेल, तर लोड साधारण ९०० वॅट धरा. नेमप्लेटवरच्या आकड्यांची बेरीज करू नका, ती हमखास जास्त भरते. क्लॅम्प मीटर लावून मोजा.

लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस लाईट असताना महावितरणचाच करंट पुढे सोडतो, व्होल्टेज रिलेने वर-खाली करतो आणि लाईट गेली की ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो. चांगल्या सर्व्हरला एवढा खंड चालतो. अडचण स्वस्त मॉडेलची. त्यातून बॅटरीवर शुद्ध साइन वेव्ह (महावितरणच्या लाईटसारखी गुळगुळीत लहर) निघत नाही आणि सर्व्हरचा पॉवर सप्लाय मान टाकू शकतो. ऑनलाइनमध्ये करंट आधी डीसी होतो, मग पुन्हा एसी, त्यामुळे खंड शून्य. पण या रूपांतराची किंमत मोजावी लागते. ९०० वॅटच्या लोडवर सुमारे १०० वॅट उष्णता रात्रंदिवस निघते, लाइन-इंटरॅक्टिव्हच्या तिपटीहून जास्त. वर्षाला अंदाजे ६०० युनिट जादा, एअर कंडिशनरवरचा भार वेगळा.

मग घ्यायचा कुठला? कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ऑनलाइनच. शेजारच्या फौंड्रीची इंडक्शन भट्टी व्होल्टेज सतत हलवते. लाइन-इंटरॅक्टिव्हचा रिले दिवसभर टकटक करत राहतो आणि बॅटरी विनाकारण झिजते. जनरेटरची फ्रिक्वेन्सी जरा हलली की असा यूपीएस, जनरेटर चालू असतानाही, बॅटरीवर बसतो आणि तासाभरात बंद पडतो. कोल्हापूर शहरात राजारामपुरीतल्या ऑफिसात एकच सर्व्हर असेल आणि जनरेटर नसेल, तर शुद्ध साइन वेव्हचा लाइन-इंटरॅक्टिव्ह पुरे. उरलेले पैसे अर्थिंगवर घाला.

ऑनलाइन ३ केव्हीए घेताना ‘लाँग बॅकअप’ मॉडेलच मागा. साध्या मॉडेलचा चार्जर जेमतेम १ अँपिअरचा असतो. त्याला ४२ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटऱ्या जोडल्या तर त्या भरायला दोन दिवस लागतात. अशा ६ बॅटऱ्या, म्हणजे ७२ व्होल्ट, ९०० वॅटला सव्वादोन तासांच्या आसपास चालतात. त्यांचं वजन ८० किलोच्या घरात जातं, स्टँड लोखंडी हवा. खोली २५ अंशांवर ठेवा. त्याहून दर १० अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं.

वायरमन हमखास चुकतो ते बॅटरीच्या एमसीबीत, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचमध्ये. तिथे तो साधा एसी एमसीबी ठोकून देतो. एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीत ती विझत नाही, एमसीबीच जळतो. ६३ अँपिअरचा डीसी एमसीबी घ्या, + आणि − च्या खुणा पाहून जोडा, वायर १६ चौरस मिमी तांब्याची. इनपुटला २५ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (चालू होतानाच्या झटक्याला न पडणारा) आणि ४ चौरस मिमी वायर. वळवाच्या विजांसाठी मेन बोर्डात टाइप २ सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा झटका अर्थिंगमध्ये उतरवणारा) हवाच.

न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज २ व्होल्टच्या आत हवं. ते महावितरणच्या लाईटवर मोजलंत तसं जनरेटरवरही मोजा. जनरेटरचा न्यूट्रल अर्थ केलेला नसेल तर मीटर १०० च्या पुढेही दाखवतो, आणि दोष मात्र यूपीएसवर येतो.

राहिली जागा. शाहूपुरी किंवा लक्ष्मीपुरीत तळमजला नको. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं हे इमारतीच्या वॉचमनला विचारा, बॅटरीची खोली त्याच्या वरच्या मजल्यावर घ्या.