लिबर्टी अव्हेन्यूवरचं मतदार नोंदणीचं टेबल, ५ पैकी ४ स्टार

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रिचमंड हिलला डबल्स (छोल्यांचं त्रिनिदादी स्ट्रीट फूड) आणि दालपुरी खायला आपल्यातले बरेच जण जातात. ए ट्रेन पकडायची, लेफर्ट्स बुलेवार्डला शेवटच्या स्टॉपला उतरायचं, जिना उतरून खाली आलं की लिटल गयाना, म्हणजे कॅरिबियनकडून आलेल्या लोकांची वस्ती, सुरू. तिथल्या एका रोटी शॉपबाहेर शनिवार-रविवारी एक फोल्डिंग टेबल लागतं, त्यावर मतदार नोंदणीचे फॉर्म, पेनं, आणि मागे बॅनरवर जुन्या काळच्या राजकारणी शर्ली चिझमचा फोटो (तिच्याबद्दल शेवटी). डबल्सचे रिव्ह्यू ढिगाने आहेत, या टेबलाचा एकही दिसला नाही म्हणून लिहितेय.

चालवणारे सगळे आजूबाजूचे स्वयंसेवक, बहुतेक गयाना आणि त्रिनिदादचे, एकदोन जमैकाचे. त्यांचा रोख त्यांच्याच लोकांवर आहे, म्हणजे इथे येऊन वीस-पंचवीस वर्षं झाली, सिटिझनशिप घेऊन पण जमाना झाला, तरी मतदानाला कधी गेलेले नाहीत अशांवर. पण समोर कोणीही जाऊन बसू शकतं, मी बसले, कोणी हाकललं नाही. (ते आपल्यासारखे दिसतात म्हणून हिंदीत सुरू होऊ नका हं. १८३८ ते १९१७ च्या काळात त्यांचे पूर्वज गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून उसाच्या मळ्यांवर गेले, बहुतेक आताच्या यूपी-बिहारकडचे, आणि आता घरी बोलतात ती त्यांची स्वतःची इंग्लिश. हिंदी त्यांना फक्त गाण्यांपुरती.)

आधी सगळ्यात चांगली गोष्ट. टेबलावरच्या आंटी तुमच्या हातात फॉर्म देत नाहीत, आधी विचारतात, "सिटिझन की ग्रीन कार्ड?" ग्रीन कार्ड म्हटलंत की फॉर्म परत खाली ठेवतात आणि सिटिझनशिपच्या अर्जाची माहिती काढतात. हे मला जाम आवडलं. कारण ग्रीन कार्डवाल्याने चुकून जरी नोंदणी केली आणि मत दिलं तर पुढे सिटिझनशिप तर अडकतेच, पण देशाबाहेर काढण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. आणि न्यूयॉर्कमध्ये हा गोंधळ खरंच आहे, लोक उगाच विचारत नाहीत. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सिटी कौन्सिलने कायदा पास केला होता की ग्रीन कार्ड किंवा वर्क परमिट असलेल्यांना शहराच्या निवडणुकांपुरतं मत देता येईल, सुमारे ८ लाख लोकांचा प्रश्न होता, पेपरात मोठमोठ्या बातम्या आल्या. मग २०२२ च्या जूनमध्ये कोर्टाने तो रद्द केला, अपील वर वर जात राहिलं आणि मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने पण नाहीच म्हटलं. त्या कायद्याखाली एकही मत पडलं नाही. पण पहिली बातमी सगळ्यांनी ऐकलेली असते आणि शेवटची कोणीच नाही, त्यामुळे मी तिथे होते तेवढ्यात पण एक काका येऊन सांगायला लागले की मला माहितीये, आता कार्डावर चालतं. आंटींनी त्यांना शांतपणे बसवून सगळं सांगितलं, आवाज न चढवता. त्यासाठी एक स्टार वेगळा द्यायला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे हे लोक 'लोकशाही', 'कर्तव्य' वगैरे शब्द काढतच नाहीत. बेसमेंटबद्दल, म्हणजे भाड्याने दिलेल्या तळघरांबद्दल बोलतात. क्वीन्समध्ये ज्याला कोणाला भाड्याने राहायचंय त्याला बेसमेंट म्हणजे काय ते माहितीये, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये इडा वादळाचा पाऊस झाला तेव्हा शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ बेसमेंटमध्ये, बहुतेक क्वीन्समध्येच. बेसमेंट कायदेशीर करायची का, कशी करायची, ड्रेनेजचे पैसे कुठे जाणार, हे प्रेसिडेंट ठरवत नाही, सिटी कौन्सिल आणि राज्याच्या राजधानीतले, ऑल्बनीतले आमदार ठरवतात. आंटी हे एवढ्या सोप्या भाषेत सांगतात की ऐकणारा आपणहून विचारतो की आमचा कौन्सिल मेंबर कोण. मग पत्ता टाकून मोबाईलवर नाव काढून देतात.

आणि दिवाळी! आपल्या मुलांना शाळेला दिवाळीची सुट्टी मिळते ना आता, ती आकाशातून पडली नाही. न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नर होकल यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या कायद्यावर सही केली आणि १ नोव्हेंबर २०२४ ला पहिल्यांदा शाळा बंद राहिल्या. त्याच्यासाठी कित्येक वर्षं जे मागे लागले होते त्यात या लिबर्टी अव्हेन्यूवरचे गयानीज आणि त्रिनिदादचे हिंदू पुढे होते, आपण नंतर फोटो टाकायला होतो. सॉरी, पण खरं आहे ते.

रोटी शॉपमध्ये आत बसलेल्या पुरुषमंडळींकडे मात्र बघण्यासारखं आहे. गयानाच्या राजधानीतलं, जॉर्जटाऊनमधलं सगळं पाठ. २०२० ला गयानात मार्चमध्ये मतदान झालं आणि निकाल जाहीर व्हायला ऑगस्ट उजाडला, पाच महिने मोजणीवरून भांडण चाललं होतं, त्याचा दिवसनदिवस हिशोब या लोकांकडे आहे, कोणत्या अधिकाऱ्याने कोणता आकडा वाचला इथपर्यंत. आणि स्वतःच्या ब्लॉकचा कौन्सिल मेंबर विचारला की सगळे चहाकडे बघतात. मला हसू आलं पण मग आपला व्हॉट्सॲप ग्रुप आठवला. वर्षा बंगल्यावर आता कोण राहायला जाणार याच्यावर रात्री दोन वाजेपर्यंत मेसेज, आणि जूनमध्ये इथे प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक) होती तेव्हा ग्रुपवर चिडीचूप. टेबलवाल्यांना हे बरोबर कळलंय. ते तिकडचं राजकारण सोडा असं सांगत नाहीत, उलट त्याच्यातूनच सुरुवात करतात. तिकडे बोटाला शाई लावून घ्यायला रांगेत उभे राहायचात ना, मग इकडे काय झालं? इथे शाई नाही, स्टिकर मिळतो, आणि बहुतेकांना आयडी पण दाखवावं लागत नाही, नुसती सही. हे ऐकून अर्ध्या लोकांचा विश्वासच बसत नाही. माझा पण बसला नव्हता.

एक फरक मात्र आहे आपल्यात आणि त्यांच्यात. गयाना, जमैका, त्रिनिदादवाल्यांना अमेरिकन सिटिझनशिप घेतली तरी आपला पासपोर्ट ठेवता येतो. आपल्याला सोडावा लागतो, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं). त्यामुळे आपल्याकडे सिटिझनशिप घेऊ की नको यावर दहा वर्षं जातात आणि ते समजू शकते मी. त्यांचं अडतं ते कामाच्या वेळांवर. कितीतरी बायका होम अटेंडंट, नर्सिंग एड, एकेकीच्या लांबलचक शिफ्ट, मंगळवारी मतदान म्हटलं की संपलं. म्हणून टेबलावर अर्ली व्होटिंगचं पत्रक सगळ्यात वर असतं: २०१९ पासून राज्यात निवडणुकीच्या आधी नऊ दिवस मतदान चालतं, दोन वीकेंड त्यात येतात. पोस्टाने पण मागवता येतं, कारण द्यावं लागत नाही. आणि मतदानाच्या दिवशी कामाच्या आधी किंवा नंतर सलग चार तास मोकळे मिळत नसतील तर पगार न कापता दोन तासांपर्यंत सुट्टी द्यायचा कायदा आहे, ती आधी सांगून घ्यावी लागते. हे मला इतकी वर्षं इथे राहून टेबलावर कळलं.

आता मजेचा भाग. रँक्ड चॉइस (उमेदवारांना पसंतीक्रम देऊन मत द्यायची पद्धत) समजवायला त्यांनी खोटी मतपत्रिका छापलीये, उमेदवार कोण तर तिकडचे खाण्याचे पदार्थ: डबल्स, फुलौरी, पाइन टार्ट, कसावा पोन आणि ब्लॅक केक. पाच पसंती द्यायच्या. मग चिठ्ठ्या मोजतात, सगळ्यात कमी पहिली पसंती मिळालेला बाद, त्याची मतं त्या त्या माणसाच्या दुसऱ्या पसंतीला. डबल्स पहिल्या फेरीत पुढे होतं आणि शेवटी फुलौरी जिंकली, त्यावरून जो काय आरडाओरडा झाला! एकाने विचारलं पाचही जागी डबल्सच लिहिलं तर? फायदा शून्य, एकदाच धरतात. शाळेत नागरिकशास्त्र असं शिकवलं असतं तर... असो. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली त्यांची, की ही पद्धत शहराच्या पदांच्या प्रायमरीला आणि मध्येच होणाऱ्या पोटनिवडणुकीलाच आहे, म्हणजे मेयर, कौन्सिल, कंट्रोलर वगैरे. गव्हर्नर किंवा काँग्रेसला नाही. लोक तिकडे पण पाच पसंतींचे गोल शोधत बसतील.

आता एक स्टार का कापला ते.

पत्रकावर नोव्हेंबर केवढा मोठा, आणि जून कोपऱ्यात, भिंग लावून वाचावा असा. या शहरात कितीतरी जागांचा निकाल जूनच्या प्रायमरीतच लागलेला असतो, नोव्हेंबर नुसता शिक्का. आणि न्यूयॉर्कमध्ये प्रायमरी बंद आहे, पक्ष नोंदवलेला नसेल तर आत घेतच नाहीत. फॉर्मवर पक्षाचा कॉलम असतो तिथे आपल्याकडचे आणि त्यांच्याकडचे लोक सारखेच वागतात, कशाला उगाच कोणाच्या डोळ्यात यायचं म्हणून 'कोणताही पक्ष नाही'वर टिक. आंटी तिथे गप्प बसतात. मी विचारलं तर म्हणाल्या आम्ही कोणाला पक्ष सांगू शकत नाही. बरोबर आहे, सांगू नकाच, पण टिक कुठे केली तर काय होतं एवढं तरी सांगा की! नंतर बदलायचं असेल तर १४ फेब्रुवारीच्या आत बदलावं लागतं, नाहीतर त्या वर्षीची जूनची संधी गेली. नवीन नोंदणी मात्र निवडणुकीच्या दहा दिवस आधीपर्यंत चालते.

दुसरं, भरलेला फॉर्म ते स्वतः गोळा करून पाठवतात पण त्याची काही पोच देत नाहीत. फॉर्मवर तुमच्या लायसन्सचा नंबर नाहीतर सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे असतात. माणसं भली आहेत, मला शंका नाही, तरी मी माझ्या शेजारणीला सांगितलं की फॉर्म घे, घरी भर, स्वतः पोस्टात टाक. आणि मग ऑनलाइन नाव आलंय का ते बघ. २०१६ ला प्रायमरीच्या आधी ब्रुकलिनच्या यादीतून एक लाखाच्या वर नावं चुकीने उडवली होती, कोर्टात गेलं ते प्रकरण, त्यामुळे यादी बघायची सवय असलेली बरी.

ब्रुकलिनमध्ये फ्लॅटबुशला माझी मैत्रीण राहते, ती म्हणते तिकडच्या टेबलांवर हैतीचे लोक जास्त आणि तिथे भाषेचा प्रश्न मोठा. मतदान हक्क कायद्यात भाषेची सोय स्पॅनिश, आशियाई आणि मूलनिवासी भाषांपुरती आहे, हैतीची क्रेयोल त्यात बसतच नाही, म्हणून शहराने काही केंद्रांवर स्वतःचे दुभाषे ठेवलेत. क्वीन्सच्या मतपत्रिकेवर बंगाली असते, तिकडे क्रेयोल नाही. रिचमंड हिलच्या टेबलाला ही डोकेदुखी नाही, तेवढं त्यांचं नशीब.

चिझमच्या फोटोबद्दल विचारा जरूर, आंटी खुलतात. आई बार्बाडोसची, वडील ब्रिटिश गयानात जन्मलेले, ब्रुकलिनची मुलगी, १९६८ ला अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय बाई, १९७२ ला थेट प्रेसिडेंटच्या शर्यतीत. इथे अर्धी गर्दी तिला गयानाची म्हणते, बार्बाडोसवाला कोणी असला की भांडण लागतं.

जायचं असेल तर शनिवारी दुपारी उशिरा नको, फूटपाथवर उभं राहायला जागा नसते. सकाळी जा, ड्रायव्हिंग लायसन्स जवळ ठेवा म्हणजे नंबर टाकता येतो, घरात सोळा-सतरा वर्षांची मुलं असतील तर त्यांना पण न्या, त्यांची आगाऊ नोंदणी होते आणि अठरा झाले की आपोआप यादीत. आधी टेबल, मग डबल्स. उलटं केलं तर फॉर्मवर चिंचेच्या चटणीचे डाग पडतात, आणि आंटी नवीन फॉर्म देताना भरपूर ऐकवतात.