सोमवारी तीन ते पाच: एका सरकारी कार्यशाळेच्या खर्चाची नस्ती पाहण्याचा अनुभव

राज्य शासनाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी काढलेल्या आदेशानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांनी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत आपले अभिलेख नागरिकांना पाहण्यासाठी खुले ठेवायचे आहेत. पुणे महानगरपालिकेत ही पद्धत २००९ पासून होती. ती राज्यभर लागू व्हायला नऊ वर्षे लागली. या सोयीचा उपयोग बहुतेक लोक बांधकाम परवानगी, फेरफार किंवा रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका पाहण्यासाठी करतात. माझे कारण वेगळे होते. ठाण्यातील एका जिल्हास्तरीय कार्यालयाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका हॉटेलात दोन दिवसांची कार्यशाळा घेतली होती, आणि त्या कार्यशाळेवर, तसेच त्या वर्षी कर्मचाऱ्यांच्या प्रवासावर, एकूण किती पैसे खर्ची पडले एवढाच माझा प्रश्न होता. त्यासाठी मी सलग तीन सोमवार दिले. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण मी स्वतः आयुष्यभर लेखा शाखेत नोकरी केली आहे आणि जे दिसले ते त्या एकाच कार्यालयाचे वैशिष्ट्य असेल असे मला वाटत नाही.

सेवेच्या बाह्य अंगाबद्दल तक्रार करण्यासारखे फारसे नाही. प्रवेशद्वाराजवळच्या नोंदवहीत नाव आणि काम लिहिले की आस्थापना शाखेच्या बाजूला एक टेबल आणि दोन खुर्च्या आपल्या. पंखा चालू असतो, पण त्याचा सगळा वारा नस्तीवर, म्हणजे फाइलवर, येतो, त्यामुळे एक हात कायम पानांवर ठेवावा लागतो. दुसऱ्या सोमवारपासून मी त्या कामासाठी चष्म्याचे घर वापरले. नस्त्या काढून देणाऱ्या ज्येष्ठ लिपिक बाईंनी पहिल्या दिवशी थोड्या संशयानेच "काका, तक्रार कोणाविरुद्ध आहे?" असे विचारले. "तक्रार नाही, हिशेब पाहायचा आहे," असे सांगितल्यावर दहा मिनिटांत पहिली नस्ती टेबलावर आली. शुल्क कोणी मागितले नाही. चहा मात्र विचारला गेला आणि मी तो नाकारला, कारण तो कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या सदरात, पडेल हा प्रश्न मला तेव्हापासूनच छळू लागला होता.

सुरुवात मी नियमाप्रमाणे १ ते १७ मुद्द्यांच्या बांधीव प्रतीपासून केली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने ही सतरा मुद्द्यांची माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करायची असते आणि त्यातला अकरावा मुद्दा अर्थसंकल्पीय तरतूद, प्रस्तावित खर्च आणि प्रत्यक्ष वाटप यांचा असतो. त्या पानावर "११ - देशांतर्गत प्रवास खर्च" आणि "१३ - कार्यालयीन खर्च" अशा दोन ओळी होत्या, प्रत्येकीपुढे तरतूद, प्राप्त निधी आणि खर्च असे तीन आकडे होते, आणि ते बरोबरही होते. नंतर मी ते रोखवहीशी ताडून पाहिले. परंतु कोण कोठे गेले, कशासाठी गेले, किती दिवसांसाठी गेले, यातले काहीही त्यावरून कळत नाही, आणि कार्यशाळा हा शब्द तर त्या संपूर्ण प्रतीत एकदाही आलेला नाही.

तो का आला नाही, हे समजायला पुढचे दोन सोमवार लागले. प्रवासाला अर्थसंकल्पात स्वतःचे उद्दिष्ट, म्हणजे खर्चाची स्वतंत्र ओळ, आहे, कार्यशाळेला या कार्यालयाच्या तक्त्यात ते नाही. त्यामुळे दोन दिवसांच्या त्या एका कार्यक्रमाचा खर्च जागोजागी विखुरलेला होता. सभागृहाचे भाडे आणि जेवण कार्यालयीन खर्चात, पिशव्या, पेन आणि वह्या लेखनसामग्रीच्या नस्तीत, फलक प्रसिद्धीच्या नस्तीत, व्याख्यात्यांचे पैसे मानधनाच्या नस्तीत, भाड्याच्या गाड्या वाहन शाखेत आणि तालुक्यांतून आलेल्या कर्मचाऱ्यांचे टीए (प्रवास भत्ता) बिल ज्याच्या त्याच्या कार्यालयात. त्यातच कार्यशाळा मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात झाली होती. मार्चअखेर उरलेला निधी समर्पित, म्हणजे परत, करण्यापेक्षा तो खर्ची टाकलेला बरा, ही आमच्या लेखा शाखांची जुनी खोड आहे आणि नोकरीत असताना तिला मीही हातभार लावलेला आहे. हॉटेलचे देयक ३१ मार्चच्या आत निघाले, प्रवास भत्त्याची देयके मात्र पुढच्या आर्थिक वर्षात पारित झाली. म्हणजे एकाच कार्यक्रमाचा खर्च सहा ठिकाणी आणि दोन वर्षांत विभागला गेला, आणि कोणत्याही एका कागदावर त्याची बेरीज नाही. ती मी माझ्या वहीत केली. बाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "इतका झाला होता होय? आमच्याकडे असं एकत्र कोणी मागितलंच नव्हतं." यात लपवाछपवी होती असे मी म्हणणार नाही. प्रत्येक प्रमाणक (व्हाउचर) आपापल्या जागी होते, प्रत्येकावर आहरण व संवितरण अधिकाऱ्याची, म्हणजे पैसे काढून वाटप करणाऱ्या अधिकाऱ्याची, सही होती.

आता मुख्य नस्तीकडे येतो. पहिल्याच टिप्पणीच्या शेवटी "कार्योत्तर मंजुरीस्तव सादर" असे शब्द होते. म्हणजे हॉटेल ठरले, कार्यक्रम झाला, जेवणे झाली आणि मंजुरी नंतर मागितली गेली. हॉटेलच का, याचे उत्तर "शासकीय सभागृह उपलब्ध न झाल्याने" अशा एका ओळीत आटोपलेले होते. सभागृह मागितल्याचे पत्र नस्तीत नाही, नकाराचे पत्र नाही, त्यामुळे जावक क्रमांक असण्याचा प्रश्नच नाही. ज्या शहरात गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह आहे आणि खाडीपलीकडे वाशीत भावे नाट्यगृह आहे, तेथे ही एक ओळ कोणत्याही लेखापरीक्षकाला थांबवायला पुरेशी असावी. त्यापुढे जेवणाचे देयक होते, दोन्ही दिवशी १२० ताटांचे. त्याच नस्तीत मागे टाचलेल्या हजेरीपत्रकावर पहिल्या दिवशी ८३ सह्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच्या सत्राला ६१. हॉटेले किमान संख्येची हमी आधीच घेतात, त्यामुळे या फरकात लबाडीच आहे असे धरून चालणे अन्यायाचे होईल. पण ती हमी १२० ची का दिली याचा खुलासा लिहायला कोणालाही दोन ओळी लागल्या असत्या, आणि ते कोणी केले नाही याचे कारण दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणी पाहिलेच नव्हते.

याच्या उलट चित्र प्रवास भत्त्याच्या देयकांत दिसले, आणि मला तीन सोमवारांतले सर्वांत उद्बोधक ते वाटले. एका शिपायाच्या देयकावर लाल शाईने "मुख्यालयापासून ८ कि.मी.च्या आत, प्रवास भत्ता अनुज्ञेय नाही" असा शेरा मारून बसभाड्याची किरकोळ रक्कम वजा केलेली होती. दुसऱ्या एका कनिष्ठ लिपिकाचे देयक दौरा दैनंदिनी जोडली नाही म्हणून दोनदा परत गेले होते. हे आक्षेप नियमाला धरूनच आहेत. त्या खुर्चीवर मी असतो तर हेच लिहिले असते. परंतु जी यंत्रणा ठाण्यातल्या ठाण्यात केलेल्या प्रवासाचे अंतर मोजते तीच १२० ताटांपुढे डोळे मिटून सही करते, याचे कारण माणसांच्या वृत्तीत कमी आणि नियमांच्या रचनेत अधिक आहे. प्रवास भत्त्याला शतकभराचे नियम आहेत: कोणत्या दर्जाच्या कर्मचाऱ्याला रेल्वेचा कोणता वर्ग, दैनिक भत्ता किती, अग्रिम (आगाऊ रक्कम) घेतला तर त्याचे हिशेबात समायोजन कधी. केंद्राने तर जून २०२२ मध्ये विमान तिकिटांसाठी आपल्या कर्मचाऱ्यांना बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी असे तीनच अधिकृत एजंट ठरवून दिले, प्रवासाच्या किमान २१ दिवस आधी तिकीट काढण्याची अपेक्षा ठेवली आणि ७२ तासांच्या आत तिकीट काढल्यास कारण लिहून देण्याची अट घातली. परिषदांबाबत केंद्राच्या काटकसरीच्या आदेशांत अधूनमधून एखादे वाक्य येते, जसे २९ ऑक्टोबर २०१४ च्या आदेशात पंचतारांकित हॉटेलांत बैठका व परिषदा घेण्यावर बंदी होती. पण माझ्या समोरचे हॉटेल पंचतारांकित नव्हते आणि कार्यालय केंद्राचे नव्हते.

एकत्र बेरीज मागण्याची माझी कल्पना काही जगावेगळी नाही. अमेरिकेत सार्वजनिक इमारती आणि खरेदी सांभाळणाऱ्या संघराज्य संस्थेने ऑक्टोबर २०१० मध्ये लास वेगासजवळच्या एका रिसॉर्टमध्ये सुमारे ३०० जणांची परिषद घेतली. तिच्यावर सुमारे ८ लाख २३ हजार डॉलर खर्च झाले, त्यात माणशी ४४ डॉलरची न्याहारी, स्मृतिनाणी आणि मनकवड्याचा कार्यक्रमही होता. एप्रिल २०१२ मध्ये महानिरीक्षकांचा अहवाल बाहेर आला तेव्हा संस्थेच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला, आणि मे २०१२ मध्ये आलेल्या आदेशाने तेथील प्रत्येक खात्याला प्रवास खर्च २०१० च्या तुलनेत ३० टक्के कमी करायला सांगितले. एक लाख डॉलरच्या वरच्या परिषदेला खात्यातील दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी आवश्यक झाली, पाच लाखांच्या वरच्या परिषदेला खातेप्रमुखाने लेखी सूट दिल्याशिवाय बंदी आली, आणि लाखावरील प्रत्येक परिषदेचा एकूण खर्च, ठिकाण, तारखा आणि उपस्थितांची संख्या दरवर्षी संकेतस्थळावर टाकणे बंधनकारक झाले. आपल्याकडेही त्याच वर्षी, सप्टेंबर २०१२ मध्ये, केंद्राच्या कार्मिक विभागाने मंत्री, सहसचिव व त्यावरील अधिकारी आणि विभागप्रमुख यांच्या देशी-विदेशी दौऱ्यांचा तपशील १ जानेवारी २०१२ पासून स्वतःहून प्रसिद्ध करावा आणि दर तिमाहीला अद्ययावत करावा, असे कळवले. दौरे आले, परिषदा राहिल्या. आणि सहसचिवाच्या खालचे बाकीचे, म्हणजे ठाण्यातले जवळजवळ सगळेच, त्याच्या बाहेर राहिले.

सेवेतली एक अडचण सांगायला हवी. तिसऱ्या सोमवारी मी अधिकाऱ्यांच्या दौरा दैनंदिनी मागितल्या तेव्हा जन माहिती अधिकाऱ्यांनी, अतिशय सौजन्याने, ती "वैयक्तिक माहिती" असल्याचे सांगितले आणि माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) दाखवले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने या कलमात केलेल्या दुरुस्तीमुळे हे उत्तर पुढे अधिकच ऐकू येणार आहे. सरकारी कामासाठी, सरकारी पैशाने केलेला प्रवास वैयक्तिक कसा, हा वाद मी तेथे घातला नाही. त्याऐवजी कलम ८(२) कडे लक्ष वेधले, ज्यात जनहित हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते असे आजही लिहिलेले आहे. शेवटी घरचे पत्ते आणि बँक खात्याचे क्रमांक झाकून दैनंदिनी दाखवण्यात आल्या. साहेबांनी एवढे ऐकून घेतले, हे मी सेवेच्या बाजूने लिहितो.

कोणी जाणार असेल तर "कार्यशाळेची नस्ती दाखवा" असे मोघम मागू नये. राज्य शासनाच्या बीम्स या अर्थसंकल्पीय संगणक प्रणालीवर तरतूद आणि खर्च लेखाशीर्षनिहाय पाहून जावे, तेथे गेल्यावर आधी रोखवही मागावी, तिच्यातून त्या महिन्याचे आणि पुढच्या तीन महिन्यांचे प्रमाणक क्रमांक टिपून घ्यावेत आणि मग ते क्रमांक सांगून कागद मागावेत. गाडीचे लॉगबुक विसरू नये, कारण कार्यशाळेच्या दोन दिवसांत गाडी कोठे आणि कोणासाठी फिरली हे तेथेच कळते. सोमवारी काम झाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, परंतु महाराष्ट्रात तो १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयापुरता ठेवावा लागतो. सहा नस्त्यांत विभागलेली एक कार्यशाळा हा एक विषय की सहा, यावर तुमचे आणि कार्यालयाचे मत वेगळे पडू शकते, म्हणून अर्जात कार्यक्रमाचे नाव आणि तारखा लिहून "या कार्यक्रमाशी संबंधित सर्व प्रमाणके" असे शब्द वापरावेत.

गुण द्यायचे तर सेवेला पाचापैकी चार देईन आणि नस्तीला दोन. निघताना मी चौदा पानांच्या प्रती घेतल्या, पानाला दोन रुपये याप्रमाणे अठ्ठावीस रुपये भरले, आणि बाईंनी त्यांची पावती लगेच फाडून दिली. तिच्यावर माझे नाव, तारीख, पानांची संख्या, दर, प्रयोजन आणि एकूण रक्कम, असे सगळे एकाच कागदावर होते.