कुंद्याचा खोका की फोनमधलं अँकी? कन्नड पेपरची तयारी करणाऱ्यांसाठी

माझी भाची निपाणीत असते, एफडीए-एसडीएची, म्हणजे कर्नाटक सरकारच्या कारकुनी पदांच्या परीक्षेची, तयारी करतेय, शिक्षण सगळं मराठी मीडियममधून. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, मामा, कन्नडचे शब्द आज पाठ होतात आणि चार दिवसांनी साफ जातात, कार्डं करू की फोनमध्ये ते अँकी अॅप घालून घेऊ? फोनवर मी तिला जे सांगितलं ते घाईत होतं आणि अर्धवट होतं, म्हणून आता बसून नीट लिहितोय, कारण खानापूर, बेळगाव, निपाणी, चिक्कोडी कुठंही जा, अशी तयारी करणारी पोरं प्रत्येक गल्लीत आहेत. मी दोन्ही वापरलंय, आधी दीड वर्ष खोका, म्हणजे प्रश्नोत्तरांची कागदी कार्डं कप्प्यांत ठेवून, आणि नंतर चार वर्षं अँकी, त्यामुळे जे सांगतोय ते हातानं केलेलं आहे.

आधी तिसरा पर्याय बाजूला काढू, जो आपण सगळेच करतो, म्हणजे वही परत परत वाचणं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं येतंय. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी ते परत वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे थोडे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं विचारलं तर उलटं झालं, आठवून लिहिणाऱ्यांचे ५६ टक्के आणि वाचणाऱ्यांचे ४२. म्हणजे पेपर उद्या सकाळी असेल तर रात्री वही वाचा, खुशाल वाचा, पण पेपर चार महिन्यांवर असेल तर वाचण्यात गेलेला वेळ बराचसा वाया जातो.

आणि विसरणं हा काय आपला दोष नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून छापलं होतं, निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि मग ती परत पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं. एका दिवसानंतर त्याची बचत राहिली होती साधारण एक तृतीयांश. पण पुढची घसरण मंद होती, महिन्यानं बघितलं तरी पाचवा हिस्सा शिल्लक. पहिला दिवस सगळ्यात जास्त घेऊन जातो, म्हणून पहिली उजळणी लवकर आणि नंतरच्या लांब लांब, एवढंच या सगळ्याचं मूळ. खोका काय आणि अँकी काय, दोन्ही हेच करतात.

खोक्याची पद्धत सेबास्टियन लाइटनर यानं १९७० च्या दशकात लोकांपुढं आणली. माझा खोका कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या त्या मिठाईचा होता, घरी आलेला, आत पुठ्ठ्याचे चार आडवे तुकडे लावले की पाच कप्पे होतात. कार्डं जुन्या लग्नपत्रिकांची, मागची बाजू कोरी असते, जाड असतात, चार तुकडे केले की झालं. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात, बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा गावच्या बाजाराच्या दिवशी, चौथा अमावस्या-पौर्णिमेला, पाचवा संकष्टीला. हे वेळापत्रक मी आईच्या सोयीनं ठरवलं होतं, तीच आठवण करून द्यायची, आज संकष्टी हाय बघ, तुझा शेवटचा कप्पा काढ.

अँकी हे तेच काम कॉम्प्युटरवर करतं. डेमियन एल्म्स यानं २००६ मध्ये काढलं, नाव जपानी आहे, अर्थ पाठ करणं. कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड नावानं फुकट, आयफोनवरचं अधिकृत अॅप मात्र विकत घ्यावं लागतं. प्ले स्टोअरवर सारख्या नावाची भलतीच अॅप्स दिसतात, तिथं नाव नीट बघून घ्या. कार्ड दिसलं, मनात उत्तर दिलं, उघडून बघितलं, मग चार बटणं असतात, अगेन, हार्ड, गुड, इझी. त्यावरून पुढची तारीख तेच ठरवतं, आणि ती प्रत्येक कार्डाची वेगळी असते. खोक्यात सोपं आणि अवघड कार्ड एकाच चालीनं पुढं सरकतं, इथं तसं नाही.

आता कन्नडचा खरा मुद्दा, आणि मला वाटतं आपल्या भागातल्या मुलांचा निर्णय इथंच व्हावा. कन्नडमध्ये ए आणि ओ दोन-दोन आहेत, एक आखूड, एक लांब, आणि आपल्या मराठी कानाला तो फरक सवयीचा नाही. आखूड ओ घेऊन कोडु म्हणजे दे, लांब ओ घेऊन कोडु म्हणजे शिंग. त्याहून त्रासदायक तिघं आहेत, बेले म्हणजे किंमत, आखूड ए चं बेळे म्हणजे पीक, लांब ए चं बेळे म्हणजे डाळ. हे मी देवनागरीत लिहितोय आणि बघा, कोडु आणि कोडु एकसारखेच दिसले, बेळे आणि बेळे पण. मी पहिले सहा महिने कार्डं अशीच देवनागरीत लिहिली होती आणि मग बाजारात पिकाला डाळ म्हणत होतो, समोरचा समजून घ्यायचा पण पेपर तपासणारा समजून घेत नाही. सगळी कार्डं परत करावी लागली. तेव्हा पद्धत कुठलीही घ्या, कार्डावर कन्नड लिपीतच लिहा.

अँकीत कार्डाला आवाज जोडता येतो. मी आमच्या शेजारच्या कन्नड काकूंना विचारून त्यांच्या आवाजात शंभरेक शब्द रेकॉर्ड करून घेतले, त्यांना पण आवडलं ते, प्रत्येक शब्दाला एक वाक्य स्वतःहून सांगत होत्या. ते कार्ड आलं की आधी आवाज ऐकायचा आणि अर्थ सांगायचा. कानाला आखूड-लांब कळायला लागलं ते त्यानंतर. खोक्यात हे होत नाही, तिथं कोणीतरी वाचून दाखवणारं घरात पाहिजे.

पण लिहिण्यात खोका पुढं, आणि बऱ्यापैकी पुढं. कन्नड जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली लागतं, ओत्तक्षर, आणि त्यातल्या काहींचा आकार मूळ अक्षराशी फार कमी जुळतो. हातानं कार्ड लिहिताना ते हाताला बसतं. अँकीत बोट लावून पुढं जायची सवय लागते, वाचता येतं आणि लिहायला बसलं की हात अडतो, माझं तेच झालं. त्यावर उपाय एकच, अँकी उघडताना शेजारी पाटी किंवा रफ वही ठेवायची आणि उत्तर लिहूनच उघडायचं.

अजून एक, जो दोन्हीकडे लागू आहे. मराठी माणसाला कन्नडमधले निम्मे शब्द ओळखीचे वाटतात आणि तिथंच फसायला होतं. अवसर म्हणजे आपल्याकडं संधी, कन्नडमध्ये घाई. संधीला कन्नडमध्ये अवकाश म्हणतात. प्रपंच म्हणजे जग. अनुमान म्हणजे संशय. कादंबरी मात्र दोन्हीकडे कादंबरीच, त्याचं कार्ड करायची काय गरज नाही. फसवे शब्द वेगळ्या रंगाच्या कार्डांवर लिहा, अँकीत टॅग लावा, आणि सुट्टा शब्द न घालता छोटं वाक्य घाला. आणि एकमेकांत गोंधळणारे शब्द एकाच दिवशी शिकू नका, एक पक्का झाला की आठवड्यानं दुसरा घ्या.

जीकेच्या बाबतीत फरक एवढा नाही, तिथं कार्ड कसं लिहिलंय यावर जास्त आहे. भाचीनं मला फोटो पाठवला, एका कार्डावर लिहिलेलं, मलप्रभा नदीची माहिती, आणि मागं आठ ओळी. असं कार्ड कधीच बरोबर येत नाही आणि कधीच पूर्ण चुकत पण नाही. त्याचे तुकडे करायचे. मलप्रभेचा उगम कुठं? कणकुंबी, खानापूर तालुका. संगोळ्ळी रायण्णाला फाशी कुठं दिली? नंदगड. कुठल्या साली? १८३१. बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष कोण? गांधीजी, १९२४. एक कार्ड एक उत्तर. आणि कार्डं पिसून घ्यायची, कारण ओळीनं पाठ केलेलं ओळीनंच आठवतं, परवच्यात सतराचा पाढा म्हणणाऱ्याला सतरा आठे विचारलं की तो सतरा एके पासून सुरू करतो ना, तसं. नकाशा असेल तर अँकी घ्या, चित्रावरची नावं झाकून प्रश्न करायची सोय त्यात आहे, कागदावर ते करत बसणं वेळखाऊ.

संख्येचं गणित सरळ आहे. तीनशे-चारशे कार्डांपर्यंत खोका मस्त चालतो, हजारावर गेला की कप्पे फुगतात, कुठलं कधी बघितलं त्याचा पत्ता राहत नाही. कन्नडचे शब्द, जीके, संविधान सगळं धरलं तर हजार सहज होतात. अँकीत हजार काय, दहा हजार पण चालतात. पण तिथं दुसरं दुखणं आहे, नवीन कार्डं फुकट मिळाल्यासारखी घालत जाणं. मूळ सेटिंग रोज २० नवीन कार्डांची असते, आणि ती चालू ठेवली की दीड-दोन महिन्यांत रोजच्या उजळणीच दीडशेच्या पुढं जातात. दिवसभर काम करून आलेल्या माणसानं ८ किंवा १० ठेवावीत. आणि दुसऱ्याची आयती कार्डं उचलू नयेत असं माझं पक्कं मत आहे, कारण कार्ड तयार करताना अर्धं शिकून होतं. हार्ड बटणाचा घोळ पण सगळे करतात, विसरलं असेल तर अगेनच दाबायचं, हार्ड म्हणजे आठवलं पण कष्टानं.

दिवस बुडाले की काय होतं? गणपतीत माझे नऊ दिवस बुडाले होते, अँकीनं ४०० चा आकडा दाखवला, आणि तो आकडा बघून अॅप उघडायचंच बंद झालं, पंधरा दिवस. खोका आकडा दाखवत नाही, उघडलं, हाताला लागतील तेवढी घेतली, संपलं. ज्याला आकड्याचं टेन्शन येतं त्यानं हे मनावर घ्या. अँकीत असं झालं तर नवीन कार्डं शून्य करा आणि रोज ५०-६० करून साठलेलं संपवा, डेक, म्हणजे कार्डांचा सगळा गठ्ठा, पुसून पहिल्यापासून सुरू करू नका.

फोनचं तर सगळ्यांना माहीतच आहे. अँकी उघडायला फोन घेतला आणि अर्ध्या तासानं रील बघत बसलेलो, हे ज्याचं रोज होतं त्याला खोकाच बरा. उलट जो रोज खानापूर-बेळगाव बसनं ये-जा करतो त्याला अँकी, चाळीस कार्डं बसमध्ये होतात, उभं असलं तरी.

तर भाचीला मी शेवटी काय सांगितलं. तिचा पेपर पाच-सहा महिन्यांवर, कन्नड कच्चं, घरात कन्नड बोलणारं कोण नाही, अँड्रॉइड फोन आहे. तिच्यासाठी अँकी, आवाजासकट, रोज १० नवीन, शेजारी वही. पण पहिली शंभर कार्डं कागदावर, तीन आठवडे, म्हणजे एका कार्डावर काय मावतं आणि काय नाही ते हाताला कळेल आणि ओत्तक्षरं पण होतील. तिचा धाकटा भाऊ दहावीला, त्याला फक्त कन्नड आणि सायन्सच्या व्याख्या, त्याला खोका, फोन नको. आणि ज्यांचा पेपर तीन आठवड्यांच्या आत आहे त्यांनी यातलं काहीच नव्यानं सुरू करू नका, जुने पेपर काढा, वेळ लावून सोडवा आणि जे चुकलं तेवढंच दोन-दोन दिवसांनी परत विचारा स्वतःला.

काल तिनं खोक्याचा फोटो पाठवला. कुंद्याचाच आहे, निपाणीत पाहुण्यांनी नेलेला. पहिल्या कप्प्यात ३१ कार्डं, दुसऱ्यात १२, आणि बेळेची दोन्ही कार्डं अजून पहिल्यातच, मी म्हटलं एक काढून ठेव आठवडाभर.