‘इंजिन खोलावं लागेल’ म्हणाले तर आधी हे तपासा

जुनी टाटा ४०७ (छोटा डिझेल ट्रक) धूर मारते, पिकअप देत नाही म्हणून गॅरेजला लावली, की काही ठिकाणी पाच मिनिटांत निकाल लागतो: "लायनर-पिस्टन गेले, फुल काम." म्हणजे सिलिंडरची आतली नळी आणि पिस्टन झिजले, पूर्ण इंजिन खोलून बांधायचं. दुसऱ्या दिवशी इंजिन सुटं होऊन पडलेलं असतं. मग ते आधी कसं चालत होतं हे कुणालाच तपासता येत नाही. मालक अडकतो तो इथे. म्हणून इंजिन स्वतः बांधायचं की नाही ते नंतर ठरवा, दोष मात्र खोलण्याआधी स्वतः शोधा.

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर क्लीनरचा एलिमेंट काढून आत बल्ब धरा. उजेड दिसत नसेल तर आधी तो बदला. मग आयडलवर एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपचा नट अर्धा फेरा ढिला करा. इंजिनचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. पडलाच नाही तर दोष त्या सिलिंडरचा, आणि बऱ्याचदा तो नोझलच असतो. डोळ्यांना चष्मा लावा, डिझेलच्या फवाऱ्यासमोर हात नेऊ नका. कॉमन रेल इंजिनवर (सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारं नवं इंजिन) ही चाचणी कधीही करू नका, तिथला दाब डिझेल कातडीत घुसवतो.

पिस्टनभोवतीच्या रिंगा खरोखर गेल्यात का, हे ऑइलच्या झाकणाशी कळतं. इंजिन गरम करून आयडलवर झाकण उघडा. थोडी वाफ चालते. धूर भकभक ठोके देत आला तर रिंगा-लायनर झिजलेत. झाकणाशी शांत असेल, पण उतारावरून आल्यावर ॲक्सिलरेटर देताच निळा धूर येत असेल, तर आधी व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) आणि तिचे सील बघा. ते हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं काम आहे, त्यासाठी खालचा क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) काढायची गरज नाही. ऑइल प्रेशरचा दिवा लागतो म्हणून "बेअरिंग गेलं" सांगितलं, तर आधी सेंडरच्या (दिव्याला दाब कळवणाऱ्या स्विचच्या) जागी साधा मेकॅनिकल गेज लावून बघा.

फिल्टर, लाइनमधली हवा काढणं, टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) ही कामं घरची. नोझल काढलं तर बसवताना तांब्याचा वॉशर नवाच घाला, जुना दबलेला असतो आणि कॉम्प्रेशन गळतं. डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन (माप जुळवणं) आणि क्रँक ग्राइंडिंग (झिजलेला क्रँक घासून गोल करणं) मशीनवाल्याकडेच द्या. टॉर्क रेंच नसेल तर हेडही खोलू नका. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळले नाहीत तर नवी गॅस्केटही फुंकते.

फुल काम करावंच लागलं, तर इंजिन बांधताना हजर राहा. सगळ्यात मोठी लबाडी बेअरिंगमध्ये चालते. बिलात "क्रँक ०.२५ ग्राइंडिंग, नवीन बेअरिंग" (०.२५ मिलिमीटर घासणं) लिहितात आणि जुनंच धुऊन बसवतात. बेअरिंगच्या पाठीवर माप कोरलेलं असतं. तिथे ‘एसटीडी’ (स्टँडर्ड, म्हणजे न घासलेल्या क्रँकचं मूळ माप) दिसलं तर ग्राइंडिंग झालेलंच नाही, किंवा झालं असेल तर गाळा (क्रँक आणि बेअरिंगमधली फट) एवढा राहील की गरम झाल्यावर ऑइल प्रेशर टिकणार नाही. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) वाढवून घेतला असेल, तर ओव्हरसाइज पिस्टनच्या डोक्यावरही माप असतं. त्याचा फोटो हेड बसण्याआधी काढा. नवी रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून तोंडातली फट फिलर गेजने मोजा आणि मॅन्युअलशी ताडा. मशीनवाल्याकडून प्रत्येक जर्नलचं (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) माप लिहून घ्या.

जुने पार्ट परत मिळतील, ही अट गाडी लावतानाच सांगा. काम संपल्यावर मागितले तर ते "भंगारात गेलेले" असतात.