कराचा परतावा: कर्ज फेडावं की शिल्लक ठेवावी?

परतावा म्हणजे बक्षीस नव्हे. वर्षभर जास्त कापला गेलेला आपलाच पैसा परत येतो. म्हणून तो हातात पडल्यावर दोनच वाटांचा विचार मी करतो.

पहिली वाट कर्जफेडीची. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना ३ टक्क्यांनी वाढत असेल, तर चक्रवाढीने १०० चे वर्षात जवळपास १४३ होतात. तेच १०० सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत टाकले, तर १०७ होतील, आणि त्या व्याजावरही बहुधा कर लागेल. हे गणित पाहिल्यावर कार्डाची बाकी असताना ठेव करणं मला तरी पटत नाही. गृहकर्जासारखं स्वस्त कर्ज असेल तर मात्र इतकी घाई नको.

दुसरी वाट अडीनडीच्या पैशाची. खात्यात महिन्याभराचाही खर्च नसेल, तर सगळा परतावा कर्जात घालू नका. उद्या दवाखाना निघाला की पुन्हा तेच कार्ड बाहेर येईल! थोडी रक्कम बाजूला काढून उरलेली कर्जात भरा.

हे सगळं पैसे खात्यात दिसल्यावर. ‘परतावा मंजूर’ एवढ्यावर खर्च ठरवू नये. कराची जुनी थकबाकी वळती होऊन रक्कम कमी येऊ शकते. खाते क्रमांक किंवा नाव जुळलं नाही तर पैसे अडकतातही. स्थिती कर विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा, मेसेजमधल्या लिंकवर कधीच नाही.