नॉनस्टिक तवा, आठ महिन्यांनंतर: गॅरंटी कोटिंग सोडून सगळ्याला

"काका, गॅरंटी तव्याला आहे, कोटिंगला नाही." सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने हे इतक्या थंडपणे सांगितलं की मी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. म्हणजे हँडल निखळलं तर बदलून मिळेल, रिव्हेट ढिला झाला तरी मिळेल. पण ज्या काळ्या थरासाठी साध्या अॅल्युमिनियमच्या तव्याच्या चौपट पैसे मोजले, तो गेला तर दोष वापरणाऱ्याचा. कार्डावर "२ वर्षं" ठळक आहे आणि "कोटिंग वगळून" हे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. नंतर दुकानात उभं राहून इतर कंपन्यांची कार्डंही चाळली. भाषा साधारण हीच, म्हणून इथे नाव घेत नाही.

तवा नेहमीचाच, २८ सेंटीमीटरचा, सपाट, इंडक्शनवर चालणारा. सुरुवातीचे काही महिने नाव ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडे रविवारी घावन मी करतो. पीठ ओतलं की जाळी पडायची, कडा आपोआप सुटायच्या, तेलाचा एक थेंब पुरायचा. बिडाच्या तव्यावर पहिलं घावन नेहमी कावळ्याच्या वाट्याला जायचं, इथे पहिलंच ताटात. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग मधोमध घावन धरायला लागलं. बाकी सगळीकडून सुटतं, मध्ये चिकटतं. तवा उजेडात तिरका धरला तर करड्या रंगाचं एक कडं दिसलं. सर्व्हिसवाल्याचं म्हणणं, लोखंडी उलथनं वापरलंत किंवा भांडीवाल्या मावशींनी तारेच्या घासणीने घासलंय. आमच्याकडे उलथनं लाकडी आहे आणि हा तवा मी स्वतः स्पंजने धुतो, मावशींच्या हातात देतच नाही. ते सोडा. ओरखडे असते तर रेघा दिसल्या असत्या. हे गोल कडं आहे, आणि तवा उपडा करून मोठ्या बर्नरवर ठेवला तर बर्नरच्या भोकांच्या रांगेवर तंतोतंत बसतं. घासणी एवढं सुबक वर्तुळ काढत नाही, ते आचेचं काम आहे. फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, "मध्यम आचेवर वापरावा." कोणाची मध्यम? आमच्या शेगडीला तीन बर्नर आहेत, तिन्हींची मध्यम वेगळी. मी अंश सेल्सियसमध्ये आकडा मागितला. तो अजून यायचाय.

दरम्यान घावनात काळे कण दिसले आणि घरात कॅन्सर हा शब्द आला. मी वाचत बसलो, तेव्हा कळलं की आपण घाबरतो ते चुकीच्या गोष्टीला. हा थर पीटीएफईचा, म्हणजे आपल्या बोलीतलं टेफ्लॉन. त्याचा कण पोटात गेला तर तो पचत नाही, विरघळत नाही, आला तसा बाहेर जातो. मुद्दाम खावा असं नाही, पण झोप उडवण्यासारखंही नाही.

आणि खोक्यावरचं ते हिरवं स्टिकर, "१००% पीएफओए-मुक्त". मी ते बघूनच तवा घेतला होता. पीएफओए म्हणजे तो थर नव्हे, तर थर बनवताना कारखान्यात वापरायचं रसायन. उच्च तापमानाला भाजलेल्या तव्यात ते जवळजवळ उरतच नव्हतं. भोगलं ते कारखान्याशेजारच्या लोकांनी. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ ड्यूपॉन्टच्या कारखान्यातून ते वर्षानुवर्षं नदीत आणि हवेत गेलं. आधी एका शेतकऱ्याच्या गायी मेल्या, मग रॉबर्ट बिलॉट या वकिलाने कंपनीला कोर्टात खेचलं. तिथल्या हजारो लोकांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांच्या समितीने सहा आजारांशी संबंध दाखवला. त्यात मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग आहे, थायरॉइड आहे, वाढलेलं कोलेस्टेरॉलही आहे. २०१७ मध्ये साडेतीन हजारांवर दावे ६७ कोटी डॉलरमध्ये मिटले. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी पीएफओए २०१५ पर्यंत बंद केलं, २०१९ मध्ये ते घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलं.

मग आजचं स्टिकर काय सांगतं? शेंगदाणा तेलाच्या डब्यावर "कोलेस्टेरॉल नाही" लिहितात, त्याच जातीची जाहिरात. पीएफओएच्या जागी काय आलं ते कोणी छापत नाही. एक बदली रसायन जेनएक्स या नावाने आलं आणि नॉर्थ कॅरोलिनात केप फिअर नदीच्या पाण्यात सापडलं, म्हणजे पुन्हा पिण्याच्या पाण्यातच.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर माझ्या माहेरच्या, नव्हे, आईच्या माहेरच्या गावाजवळचं सांगतो. चिपळूणहून मुंबईकडे निघालं की घाट चढून लोटे परशुरामची एमआयडीसी लागते. इटलीत विचेंझाजवळ मितेनी नावाचा कारखाना होता, त्याने पीएफओएच्याच कुळातल्या रसायनांनी तिथलं भूजल खराब केलं आणि २०१८ मध्ये दिवाळं काढलं. २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने या प्रकरणात अकरा जणांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेतली आणि ती आणली कुठे, तर लोट्याला. तिथे तव्याची कोटिंगं बनत नाहीत, औषधं आणि कीटकनाशकांना लागणारी रसायनं बनवायची म्हणून ती आणली. तरी आमच्या तव्यावरच्या स्टिकरपेक्षा लोट्याच्या सांडपाण्याचा अहवाल वाचायला मला जास्त आवडेल.

पण स्वयंपाकघरातला खरा प्रश्न आचेचाच आहे, त्यामुळे पुन्हा माझ्या कड्याकडे येतो. पीटीएफई साधारण २६० अंशांपर्यंत टिकतं, पुढे बिघडायला लागतं आणि साडेतीनशेच्या आसपास त्यातून निघणारा धूर चांगलाच त्रासदायक असतो. माणसाला ताप, थंडी, खोकला, फ्लू झाल्यासारखं. पिंजऱ्यातले पक्षी तर मरतात. (खालच्या मजल्यावर लव्हबर्ड आहेत. त्यांच्या मालकांना सांगितलं तर त्यांना वाटलं मी पक्ष्यांच्या आवाजाची तक्रार घेऊन आलोय.) एसी दुरुस्ती करणाऱ्या भाच्याकडून बंदुकीसारखं तापमापक आणलं. मोठ्या बर्नरवर पूर्ण आच, तवा रिकामा. कांदा चिरून होईपर्यंत मधला आकडा २६० च्या पुढे गेला आणि कडेला १५० सुद्धा नव्हते. तवा पातळ, आच कड्यात, म्हणून जळतं तेही कड्यात. पाण्याचा शिपका मारून अर्धा कांदा फिरवला की आकडा दोनशेच्या खाली येतो आणि तिथेच घावन उत्तम सुटतं. जुन्या बायका शिपका मारायच्या त्याला काहीतरी अर्थ होता.

२०२४ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पोषण संस्थेने आहाराच्या मार्गदर्शक सूचनांत नॉनस्टिकसाठी १७० अंशांची मर्यादा सांगितली. पुऱ्यांचं तेलच १८० च्या आसपास असतं. तो आकडा काटेकोर पाळायचा तर या तव्यावर थालीपीठसुद्धा लावता येणार नाही. १७० धरा किंवा २६०, माझं म्हणणं एवढंच की खोक्यावर कुठला तरी एक छापा. पाच भाषांत "सुखी स्वयंपाकघर" छापायला जागा मिळते, तीन आकड्यांना मिळत नाही?

सध्या हा तवा छोट्या बर्नरवर, पीठ तयार असेल तेव्हाच चढतो, आणि फोडणीच्या वाटेला जात नाही. सिरॅमिक कोटिंगचा मेहुणीने घेतला होता. त्यात पीटीएफईतलं फ्लोरीन नाही हे खरं, पण तो आमच्याही आधी चिकटायला लागला. बिडाचा तवा माळ्यावरून काढलाय. तेल लावून तापवतोय, रंग यायला लागलाय, पण एका हाताने उचलायचं बायकोच्या मनगटाला झेपत नाही. आई पितळेच्या भांड्यांना दर काही महिन्यांनी कल्हई लावून घ्यायची. थर गेला हे डोळ्यांना दिसायचं आणि तो पुन्हा लावणारा माणूस दारात यायचा. इथे थर गेला की चौदाशे पन्नास रुपयांची थाळी भंगारात.

तवा म्हणून पाचपैकी तीन, गॅरंटी कार्डाला शून्य. स्टीलच्या ट्रायप्लाय (तीन थरांच्या) तव्यावर कोणी घावन काढले असतील तर तवा किती जाडीचा आणि कुठल्या बर्नरवर, तेवढं लिहा. "तेल जरा सढळ हाताने घाला" हे उत्तर नको, ते मला माहीत आहे.