काटा उतरला, ताप नाही

माझ्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीचं दुखणं जरा वेगळं होतं. गर्दीत तासभर रखडली तरी तापमानाचा काटा मध्यावर. पण हायवेला 80 च्या वर 20 मिनिटं गेली की काटा लाल पट्टीकडे सरकायचा आणि वेग कमी केला की मुकाट खाली यायचा.

जुन्या गाड्यांचा जाणकार म्हणून ज्याचं नाव ऐकलं होतं त्याच्याकडे गाडी नेली. मी म्हणालो, "बाकी काही नको, काटा वर जाता कामा नये." त्याने रेडिएटरचं झाकण उघडून वास घेतला आणि निदान सांगून टाकलं: हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंय, हेड वाकलंय, रेडिएटरही संपलाय. गाडी तीन आठवडे त्याच्याकडे होती. बिलात रेडिएटरचा नवा कोअर (म्हणजे आतल्या नळ्या आणि पत्र्यांची जाळी), हेड गॅस्केट, हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं), नवा थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) आणि वर एक जादा इलेक्ट्रिक फॅन.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याने इंजिन अर्धा तास जागेवर चालू ठेवून दाखवलं, मग गल्लीतून एक चक्कर मारली. काटा मध्याच्याही खाली! मी खूश. माझी गाडी जागेवर उभी असताना आधीही कधी तापत नव्हती, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही.

खरं तर इथेच सगळी मेख आहे. गाडी उभी असताना किंवा हळू जाताना रेडिएटरमधून हवा ओढायचं काम फॅन करतो. हायवेवर समोरून येणारा वाराच इतका असतो की फॅन असला काय आणि नसला काय, फारसा फरक पडत नाही. म्हणून फक्त वेगात तापणाऱ्या गाडीला फॅन विकणारा माणूस एक तर अडाणी असतो किंवा लबाड. अशा गाडीत आधी पाण्याचा प्रवाह, रेडिएटरच्या नळ्या आणि इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बघायला हवं.

पुढच्याच लांबच्या प्रवासात बॉनेटमधून वाफ आली, कूलंटचा गोडसर वास सुटला, चढावर इंजिन टकटक वाजायला लागलं. काटा मात्र मध्यावर, अगदी शांत. मी वाफेपेक्षा काट्यावर विश्वास ठेवून आणखी काही किलोमीटर गाडी दामटली. हा मूर्खपणा माझाच.

दुसऱ्या मेकॅनिकने थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला: 112 अंश. काटा जागचा हलला नव्हता. मग त्याने सेन्सरची वायर मागे मागे तपासत नेली. एका ठिकाणी नवी काळी टेप गुंडाळलेली होती आणि आत बोटाच्या पेराएवढा एक रेझिस्टर, म्हणजे विजेच्या वाटेत रोध वाढवणारा तुकडा. माझ्या गाडीतला सेन्सर तापतो तसा त्याचा रोध कमी होतो आणि काटा चढतो. मध्ये जादा रोध घातला की काटा कायम थंडच सांगणार.

मग एकेक करून सगळंच उघडं पडलं. हेडच्या बोल्टांवरचा जुना रंग कुठेही तडकलेला नव्हता, म्हणजे हेड उतरवलंच नव्हतं. कोअर बदलताना टाकीचा सोल्डरचा जोड उकलून पुन्हा डाग द्यावा लागतो, पण रेडिएटरच्या टाकीला नव्या डागाचा मागमूस नाही. जुन्याच कोअरवर काळा रंग फवारला होता, तोही इतका जाड की पत्र्यांमधल्या फटी बुजल्या होत्या. बिलात नवा थर्मोस्टॅट होता, हाऊसिंगमध्ये मात्र जुना नाही की नवा नाही. गॅस्केट गेलंय का, हे पाहायला त्याने रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी धरली. इंजिनातला जळलेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर द्राव पिवळा पडतो. आमचा निळाच राहिला. एवढ्या वाफेनंतरही हेड वाचलं, हे नशीब.

मूळ रोग त्याने दहा मिनिटांत दाखवला. जागेवरच इंजिन 3000 आरपीएमपर्यंत नेलं आणि मला रेडिएटरच्या खालच्या होजकडे (रबरी नळीकडे) बघायला सांगितलं. होज डोळ्यांदेखत आत ओढला जाऊन चपटा झाला. कोअरच्या नळ्या गाळाने तुंबलेल्या, त्यामुळे वॉटर पंप जोरात ओढतो; होज जुना, मऊ पडलेला, आतली स्प्रिंग गायब; त्यात झाकण दाब धरत नव्हतं. अर्धं कूलंट आणि अर्धं पाणी दाबाशिवाय साधारण 107 अंशांना उकळतं, मग 112 ला काय होणार! आयडलला, म्हणजे इंजिन जागेवर संथ चालताना, पंपाची ओढ कमी, म्हणून गॅरेजात होज टणटणीत दिसायचा. खराखुरा नवा कोअर, स्प्रिंगचा होज, झाकण आणि थर्मोस्टॅट बसवल्यावर त्रास गेला. रेझिस्टर अर्थातच काढला.

आता मी गाडी गॅरेजात सोडण्याआधी हेडच्या दोन-तीन बोल्टांवर आणि रेडिएटरच्या टाकीवर रंगाचा बारीक ठिपका देतो, फोटो काढतो आणि काढलेले भाग परत हवेत असं बिलबुकावरच लिहून घेतो. ट्रायल हायवेवर, मेकॅनिकला शेजारी बसवून, आणि माझा स्वतःचा थर्मामीटर घेऊन. कुणी कुरकुरला तर गाडी तिथून हलवतो.

रेझिस्टर घेऊन मी पहिल्या गॅरेजात गेलो होतो. पैसे मिळाले नाहीत. त्याने ती चिमुकली वस्तू उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, काटा वर जाता कामा नये, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"